हिरव्या शाईतला दाखला

मंगळवारपासून राघवेंद्ररावांना अन्न गोड लागत नव्हतं. कारण विचाराल तर पोटदुखी नाही, ताप नाही. तहसील कचेरीच्या वाटेवर सिदू सोनाराचं दुकान लागायचं आणि ते दुकान बंद होतं. चाळीस वर्षांत त्या फळ्या दिवसा कुणी लावलेल्या पाहिल्या नव्हत्या, ग्रहण आणि सिदूची बायको गेली ते तेरा दिवस सोडले तर. आता चौथा दिवस. राघवेंद्रराव रोज जाता-येता तिथं नजर वळवायची नाही असं ठरवायचे आणि रोज वळवायचे.

तुळजापुरात इंग्रजी कागद आला की आधी तो त्यांच्या नाकाखालून जायचा. तार असो, विम्याचं पत्र असो, नाही तर औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. निजामाच्या अमदानीत हा माणूस कचेरीत उर्दू कारकून म्हणून लागला, संस्थान गेलं तसा मराठीत आला आणि पुढं पोटासाठी इंग्रजीही जमवलं. जमवलं म्हणजे काय, अडलं तिथं जरा खाकरायचं आणि पुढं जायचं. खाकरण्याला लोक विद्वत्ता समजायचे. यात त्यांचा अर्धाच दोष.

तर मंगळवारी नारायणराव पुजाऱ्यांच्या ओसरीवरून बोलावणं आलं. मुंबईहून हिऱ्याचा कागद आला होता.

हा हिरा नारायणरावांच्या वडलांना मिळालेला. हैदराबादच्या कुणा मोठ्या माणसाचा नवस फळला, त्यानं देवीच्या पायाशी डोकं टेकलं आणि बाहेर येऊन आपल्या पुजाऱ्याच्या बोटात अंगठी घातली. तेव्हापासून त्या घरात तो हिरा ‘बिनडागी’ म्हणून मिरवत होता. घरात कुणी भिंग लावून बघितला नव्हता, पण सांगणारे पन्नास वर्षं सांगत होते, म्हणजे ते खरंच असणार. यंदा फाल्गुनात नारायणरावांच्या लेकीचं, नीलाचं लग्न. जुनी अंगठी झिजलेली, म्हणून सिदूनं हिरा कोंदणातून काढला आणि नवी अंगठी घडवायला घेतली. तेवढ्यात मुंबईचे एक व्यापारी दर्शनाला आले, नारायणरावांकडेच उतरले. ते म्हणाले, मुंबईत हल्ली हिरा तपासून त्याचा कागद करून देतात; मोकळाच आहे तर देऊन टाका. नारायणरावांना ही कल्पना फारच आवडली. संस्थान गेल्यापासून माणसालासुद्धा कागदाशिवाय कुणी विचारत नाही, मग हिऱ्यानंच काय घोडं मारलंय? व्याह्यांपुढं कागदही ठेवू. हिरा तीन दिवस सिदूच्या डबीत होता, तो व्यापाऱ्याबरोबर मुंबईला गेला आणि महिन्यानं टपालानं परत आला, सोबत कागद घेऊन.

ओसरीवर आठ-दहा जण जमले होते. राघवेंद्ररावांनी चष्मा पुसला. कागद जाड, गुळगुळीत. वर वजन होतं, एक कॅरेटच्या थोडं वर. ते त्यांनी खणखणीत वाचलं. पुढं रंगापुढं नुसतं एक अक्षर, जे. आता हे काय? त्यांनी मनातल्या मनात एबीसीडी म्हणून बोटं मोजली. जे म्हणजे दहावं. ‘रंगात दहावा नंबर,’ ते म्हणाले. स्वच्छतेपुढं व्ही एस टू. टू म्हणजे दोन. दोन म्हणजे दुय्यम. नारायणरावांचं तोंड जरा लांब झालं. आणि मग खाली ते चित्र आलं. हिरा वरून कसा दिसतो, खालून कसा दिसतो, बारीक रेषांनी काढलेला, कोळ्याच्या जाळ्यासारखा. त्या जाळ्यात चार लाल खुणा आणि दोन हिरव्या.

इथं मात्र राघवेंद्ररावांना खाकरावं लागलं नाही. इंग्रजी कच्चं असेल, शाई पक्की होती. वीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? कचेरीत लाल शाई म्हणजे हरकत. कुठल्याही मिसलीवर, म्हणजे फायलीवर, लाल फुली दिसली की समजायचं, चूक सापडली. आणि हिरवी शाई म्हणजे साहेब. हिरव्या दौतीला कारकुनानं बोटसुद्धा लावायचं नाही. हिरव्यात जे आलं ते कायम झालं, त्यावर अपील नाही.

“चार हरकती आहेत,” त्यांनी सांगितलं, “आणि वरच्या साहेबानं स्वतः बघून हिरव्या शाईत कायम केल्यात.”

मग नारायणराव सावकाश म्हणाले, “आमच्या वडलांचा हिरा बिनडागी होता. हा तो नव्हे.”

कुणी तरी हळूच विचारलं, ते तीन दिवस हिरा कुठं होता? नाव कुणी घेतलं नाही. गावात नाव घ्यावं लागत नाही, सगळे एका दिशेला बघतात.

सिदूला बोलावलं. साठी उलटलेला, पाठीत वाकलेला माणूस; फुंकणी फुंकून गाल आत गेलेले. त्यानं उभ्या उभ्या सगळं ऐकून घेतलं. म्या बदलला न्हाय, एवढंच म्हणाला. मग राघवेंद्ररावांकडे वळून त्यानं विचारलं, “राव, कागदात तसं लिवलंय?”

“शाईच सांगते, सिदूमामा.”

सिदूनं मान खाली घातली. सरकारी कागद खोटं कसा बोलंल, असं काहीसं तो स्वतःशीच पुटपुटला आणि गेला. कागद सरकारी नव्हता, पण हे त्याला कोण सांगणार? घरी जाऊन त्यानं शेगडी विझवली आणि फळ्या लावल्या.

शनिवारी नारायणरावांचा निरोप आला. पोलिसांत अर्ज द्यायचा ठरलाय. अर्ज राघवेंद्ररावांनी लिहावा, सोबत हिऱ्याच्या कागदाची नक्कल जोडावी. रविवारी दुपारी राघवेंद्रराव घरी बैठकीवर बसले, मांडीवर फळी, समोर तो कागद. अर्ज लिहिताना हात जड झाला होता. पण नकलेला बसल्यावर हात आपोआप चालू लागला. कितीतरी वर्षांची सवय. नक्कल करताना डोकं लावायचं नसतं, अक्षराखाली अक्षर उतरवायचं. आणि दफ्तराचा कायदा असा की नक्कल करायची ती पाठपोट. पोट झालं. त्यांनी कागद उलटा केला.

पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर होता. मंगळवारी त्यांनी कागद उलटलाच नव्हता. लाल शाई दिसल्यावर उलटायची गरज काय होती?

पहिल्या तीन ओळी उतरल्या. चौथीवर टाक थांबला. लाल या शब्दापुढं ‘आतल्या’, हिरव्यापुढं ‘बाहेरच्या’. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग कोनाड्यातली डिक्शनरी काढली आणि एकेक शब्द धरून बसले. लाल खुणा म्हणजे हिऱ्याच्या पोटातल्या निसर्गाच्या खुणा. हिरव्या म्हणजे बाहेरच्या अंगावरच्या. हरकत नाही, साहेब नाही, कायम नाही, काही नाही. रंगाची अक्षरं ए पासून सुरूच होत नव्हती. पहिला मान डीचा, म्हणजे जे सातवा आणि खाली झेडपर्यंत सोळा पायऱ्या शिल्लक. व्ही एस म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखालीच दिसेल इतका बारीक दोष. नुसत्या डोळ्याला काही नाही. आणि शेवटी एक ओळ होती, तिच्यावर त्यांचं बोट कितीतरी वेळ तसंच राहिलं. प्रत्येक हिऱ्याच्या खुणा वेगळ्या असतात. हिरा तोच आहे की दुसरा, हे चित्रावरून ओळखावं.

राघवेंद्रराव उठले, दारापर्यंत गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. अनसूयाबाई जोंधळे निवडत होत्या. काय झालं, त्यांनी विचारलं. राघवेंद्रराव खाकरले.

“अहो, खाकरू नका,” अनसूयाबाई म्हणाल्या. “सांगा.”

बावीस वर्षांच्या संसारात या खाकरण्याचा अर्थ फक्त त्यांनाच कळला होता आणि त्यांनी तो कधी बाहेर फोडला नव्हता. राघवेंद्ररावांनी सांगितलं. वर एक तोडही सांगितली. नारायणरावांना म्हणायचं, अर्ज टिकायचा नाही, पोलीस उलट तुम्हालाच हेलपाटे घालायला लावतील. ते गप्प बसतील. प्रकरण मिटेल. कुणाचंच नाव खराब होणार नाही.

“आणि सिदूमामा दुकान उघडतील?” बाईंनी विचारलं आणि सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.

राघवेंद्ररावांनी टोपी घातली. कागद घडी करून खिशात ठेवला आणि भर उन्हात सिदूच्या दुकानामागच्या घरी गेले.

सिदू परसात लिंबाखाली बसला होता. पुढं काही काम नाही, तरी उकिडवा, शेगडीपुढं बसल्यासारखाच. राघवेंद्ररावांनी कागद काढला नाही. फक्त विचारलं, तो हिरा कसा होता, आठवतं का?

सिदूनं चुलीतला एक कोळसा उचलला. फरशीवर वाटीएवढा गोल काढला. “हितं कडंला एक रेघ,” तो म्हणाला. “केसावानी. पोटात दोन ठिपके, जवळजवळ, भाऊ-भाऊ. ह्या बाजूला ढगावानी पांढुरकं. आन् पाठीवर दोन ओरखडे, जुन्या कोंदणाचे.”

राघवेंद्ररावांनी कागद उघडून फरशीवर ठेवला. रेघ तिथंच होती. ठिपके तिथंच होते. ढग होता. चार लाल, दोन हिरव्या. सिदूनं कोळशानं जो हिरा काढला होता, तोच हिरा मुंबईला जाऊन आला होता.

“मग तुम्ही बोलला का नाहीत मामा? डाग पहिल्यापासून होते म्हणून?”

“थोरल्या मालकाला म्या तवाच बोललो हुतो. जुनी अंगठी बी म्याच घट्ट केली हुती, लई वर्सांमागं, तवा भिंगातनं दिसलं. मालक म्हनले, धर्माची गाय, तिचे दात मोजू नयेत. कुनाला सांगू नगं. म्या शब्द दिला. आन् तुमीच म्हनलात, हिरव्यात कायम झालंय. मंग म्या काय बोलावं?”

राघवेंद्ररावांनी कागदाची घडी घातली आणि उठले.

संध्याकाळी नारायणरावांच्या ओसरीवर त्यांनी मंगळवारच्याच आठ-दहा जणांना गोळा केलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. मी कागद अर्धाच वाचला. मला पुरतं इंग्रजी येत नाही. जे समजत नव्हतं तिथं मी कचेरीची शाई बघून बोललो. हे सांगताना त्यांना एकदाही खाकरावं लागलं नाही. मग त्यांनी मंगळवारी चुकलेली एकेक ओळ नीट वाचून दाखवली, कोळशाच्या चित्राची गोष्ट सांगितली, थोरल्या मालकांनी घेतलेला शब्द सांगितला. नारायणराव आधी रागानं लाल झाले, मग वडलांचं नाव आल्यावर एकदम थकल्यासारखे दिसले. उद्या मी स्वतः सिदूकडे जातो, ते म्हणाले. आणि खरंच गेले, सोबत नारळ आणि नवी पगडी घेऊन. गाव मागं.

सिदूनं नारळ घेतला, पगडी उंबऱ्यावर ठेवली आणि फळ्यांना हात लावला नाही. नारायणरावांनी पुन्हा पुन्हा विनवलं. शेवटी तो राघवेंद्ररावांकडे बघून बोलला.

“गावानं हिरवी शाई ऐकलीया, राव. तुमी तोंडानं पुसून ती जाईल व्हय? लिवून द्या, की सिदूनं हिरा बदलला न्हाय. हिरव्यात लिवा.”

राघवेंद्रराव पुढं झाले. सिदूमामा, ते म्हणाले, कारकुनाला हिरवी शाई वापरता येत नाही, नोकरीवर येईल. आणि हिऱ्याच्या कागदात ती शाई साहेबाची नव्हतीच, हे तर काल समजलं. सिदूनं नाही म्हणून मान हलवली. त्याला समजलं नाही असं नव्हतं. हिरव्यानं जे नेलं होतं, ते त्याला हिरव्यानंच परत हवं होतं.

सोमवार होता, साहेब परंड्याच्या दौऱ्यावर. राघवेंद्रराव कचेरीत गेले. साहेबांच्या टेबलावर दोन दौती होत्या. शिपाई बलभीम दाराशी उभा होता आणि बघत होता. तो साहेबांना सांगणार हे ठरलेलंच. राघवेंद्ररावांना वाटलं, अजून मागं फिरता येईल. घरी जाऊन साध्या निळ्या शाईत छान लिहून देऊ, सिदूला वाचता कुठं येतं? मग त्यांच्या ध्यानात आलं की वाचता येत नाही म्हणूनच तो रंग बघेल. त्यांनी टाक हिरव्या दौतीत बुडवला. सोनार सिदू यानं नारायणराव पुजारी यांचा हिरा बदलला नाही. कागद वाचण्यात चूक माझी. खाली सही, पुरं नाव, हुद्दा कारकून. कागद वाळेपर्यंत ते तिथंच उभे राहिले.

दुकानापुढं माणसं अजून होती. राघवेंद्ररावांनी दाखला मोठ्यानं वाचला आणि सिदूच्या हातात दिला. सिदूनं तो उजेडाकडे धरला. अक्षरांवरून त्याची नजर फिरली नाही. तो नुसता रंग बघत होता. मग त्यानं कागदाची घडी केली, हिऱ्याच्या डबीत ठेवली आणि पहिली फळी काढायला घेतली.