भिंत पडली तेव्हा घरात कोण होतं

लग्न झाल्यापासून झेलिहा एकदाही छताखाली झोपली नाही. आमचं घर कच्च्या विटांचं, बाबांनी स्वतः बांधलेलं. ती आत जाते, गव्हाचं बुल्गुर शिजवते, भांडं उचलून बाहेर येते. तेवढा वेळ दार सताड उघडं. झोपते अंगणातल्या तंबूत. मी पण मग तिथेच.

भूकंपात तिचा धाकटा भाऊ घरात राहिला. ती बाहेर आली, तो नाही. एवढंच तिने मला सांगितलंय. मी पुढे विचारलं नाही.

पण आता उन्हाळा संपत आलेला. कोन्या शहराकडच्या माळावर थंडी येते ती काही सांगून येत नाही. तंबूत हिवाळा निघणार नाही, हे तिलाही कळत होतं. आई रोज म्हणायची, "पोरी, आत ये गं." ती म्हणायची, "येते, आई." आणि यायची नाही.

आम्ही दोघंही पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर खोदकामाला जातो. मी थापी घेऊन खड्ड्यात, ती वर चाळणीवर. यंदा आमच्या वाट्याला एक घर आलं, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचं. घर म्हणजे काय, मातीच्या चार भिंती आणि आत पडझडीची भर. विटांचा चुरा, छताचा चिखल. वरून खाली एकेक थर काढत जायचं.

कमरेइतकं खाली गेलो आणि भिंत सापडली. उभी नाही, पडलेली. फळीवरची पुस्तकं एका बाजूला कलंडावीत तशी विटांची ओळच्या ओळ आडवी. भिंत एकदम आत आली होती, चुलीच्या अंगाला.

झेलिहा बादली न्यायला आली आणि तिथेच उभी राहिली.

"आत कोण होतं?"

"माहीत नाही."

"बाहेर पडली का ती माणसं?"

"पडली असतील की."

"असतील नको, इल्हान. माझी समजूत काढू नकोस. खणून सांग."

आमच्या मुकादमाने, रुस्तम उस्ताने, मध्येच तोंड घातलं. "अगं सुने, बाहेर पडली काय, आत राहिली काय, आत्तापर्यंत मेलीच असती!"

कुणी हसलं नाही. त्याचं त्यालाच कळलं. टोपी काढून डोकं खाजवत बसला बिचारा.

मग मी हळू झालो. फार हळू. एक वीट मोकळी करायची, ब्रशने झाडायची, फोटो झाला की उचलायची. प्रत्येक विटेखाली हात घालताना एकच विचार. खाली माणूस निघाला तर मी तिला काय सांगणार? आणि ती वर बसून एकेक बादली अशी चाळायची, जणू तांदूळ निवडतेय.

आमच्या खड्ड्याच्या प्रमुख नेरमिन हानम, म्हणजे नेरमिनबाई, म्हणाल्या, "इल्हान, या गतीने तुझी नातवंडं घराच्या जमिनीपर्यंत पोचतील."

"पोचू देत, हानम."

त्यांनी वर झेलिहाकडे बघितलं. परत घाई केली नाही.

चुलीजवळच्या शेवटच्या विटा उचलल्या. खाली माणूस नव्हता. वाऱ्याने आणलेली मऊ माती होती, साईसारखी. ती बादलीत भरून वर दिली. थोड्या वेळाने झेलिहा स्वतःच खड्ड्यात उतरली. ओंजळ पुढे धरलेली, चेहरा पांढराफटक.

"हाडं आहेत. बारीक. बाळाची आहेत का?"

नेरमिन हानमनी ओंजळीतून एक जबडा उचलला, नखाएवढा. दात केशरी.

"उंदीर गं, बाळा. हा पण उंदीर. हा पण." जबडा तिच्या ओंजळीत परत ठेवून त्या खाली बसल्या, माती चाचपली. "इथे तर ढीगच आहे. घुबडाचं काम. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केस गोळी करून ओकतं. वर तुळईवर बसत असणार."

"तौबा, तौबा!" रुस्तम उस्ता. "घुबड बसलं आणि घर बसलं!"

झेलिहाने त्याच्याकडे बघितलंच नाही.

"हानम, माणसं राहत असताना घुबड घरात बसतं?"

"खाली चूल पेटलेली, पोरं ओरडतायत, कसं बसेल? आणि चूल बघ. राखसुद्धा काढून नेलीय. झाडून गेलेत लोक."

"किती दिवस बसलं असेल?"

"एवढे उंदीर? कितीतरी वर्षं. मग कधीतरी भिंत आली खाली."

"म्हणजे भिंत पडली तेव्हा घरात फक्त घुबड."

"ते पण उडालं असणार," रुस्तम उस्ता म्हणाला. या वेळी जपून, हळू. "त्याचं एक तरी हाड दिसतंय का?"

झेलिहा हसली. हसता हसता रडायला लागली. तो जबडा मुठीत तसाच. नेरमिन हानमनी तो मागितला नाही. बऱ्याच वेळाने तिनेच मूठ उघडून तो नमुन्यांच्या पिशवीत टाकला.

संध्याकाळी घरी आलो. झेलिहा आईला सगळं सांगत होती. उंदीर, केशरी दात, झाडलेली चूल. आई कानाला हात लावत होती. "दिवेलागणीला घुबडाचं नाव कशाला घेतेस गं?"

"चांगलं घुबड होतं, आई."

मग ती तंबूत गेली आणि रजई काढून आणली. उंबऱ्याशी थांबली.

"इल्हान, दार काढता येईल?"

"उघडं ठेवतो की."

"उघडं नको. काढ."

मी स्क्रू काढले. दार उचलून अंगणात भिंतीला टेकवलं. आई म्हणाली, "थंडी येईल, मांजरं येतील, लोकं काय म्हणतील?" आणि आत जाऊन अजून एक रजई घेऊन आली.

झेलिहाने अंथरूण उंबऱ्यावरूनच घातलं. पाय आत, डोकं अंगणात. मी तिच्या शेजारी तसाच आडवा झालो. उंबरा नेमका कमरेत टोचत होता. वर आभाळ.

तिने उंबऱ्याच्या आतले पाय हलवले.

"आत ऊब आहे रे," ती म्हणाली.