सुरवात की सुरुवात?

मी एक फोल्डर बोलतोय. कागदाचा नव्हे, कॉम्प्युटरमधला. एका मोठ्या दवाखान्याच्या नोंदणीचा प्रोग्रॅम आहे, त्यात माझं बिऱ्हाड. माझ्या पोटातल्या फायली जाग्या झाल्याशिवाय तिथला एकही स्क्रीन उजळत नाही. म्हणून ताईंनी, म्हणजे मला जन्माला घालणाऱ्या प्रोग्रॅमरबाईंनी, माझं नाव ठेवलं 'सुरवात'.

पुढे शुद्धलेखनाचे भोक्ते असलेले एक गृहस्थ कामाला लागले. ते जिथे तिथे 'सुरुवात' लिहीत. प्रोग्रॅमला त्या नावाचं कुणी सापडेना. लिहिलेलं दुरुस्त करायचं सोडून त्यांनी माझ्या शेजारी 'सुरुवात' नावाचा दुसरा फोल्डर काढला आणि त्यात एकच ओळ ठेवली: 'सुरवातमध्ये बघा.' असा मला जुळा भाऊ मिळाला. रिकामटेकडा, पण शुद्ध.

बरीच वर्षं आमचं गुण्यागोविंदानं चाललं. मग नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांच्या डोळ्यांत आमचा पसारा खुपला. खोटं कशाला बोलू, पसारा होताच. 'नवीन', 'नवीन२' आणि 'अगदी नवीन' हे तिघं तर माझ्याही आधीचे. साहेबांनी फेररचना काढली. फळ्यावर रंगीत चौकोन आले, बैठका झाल्या, बिस्किटं संपली. शेवटी गाडी आमच्यापाशी येऊन अडली.

"यातलं बरोबर कुठलं?" साहेबांनी विचारलं.

"दोन्ही चालतात," ताई म्हणाल्या. "पण काम पहिला करतो. त्याला हात लावू नका."

"ताई, शब्दकोश उघडा जरा. एकाच घरात दोन दोन कशाला? शुद्ध असेल तो ठेवू."

इतकी वर्षं राबलो आणि माझा निकाल लागला एका उकारावर. फार वाईट वाटलं.

मला उडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या सगळ्या स्क्रीनवर एकच ओळ झळकली: 'सुरवातमध्ये बघा.' रांगेतल्या एका आजोबांनी चष्मा सारखा केला आणि काउंटरवरच्या बाईंना विचारलं, "बघतो की. पण ते कुठल्या मजल्यावर आलं?"

ताईंनी जपून ठेवलेल्या प्रतीतून मला परत आणलं, तोवर दुपार झाली होती. तापानं फणफणलेली पोरं आयांच्या मांडीवर झोपून गेली होती. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'फेररचना यशस्वी.' माझं अशुद्ध नाव मात्र त्यांना सलतच राहिलं. शिवाय माझ्यात कुणी आणखी काही कोंबू नये, अशीही त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी माझं नवं नाव ठेवलं: 'वापरू नका'. ताईंनी ओठ मुडपून प्रोग्रॅमभर जिथे जिथे माझं नाव होतं, तिथे तिथे ते बदललं.

तेव्हापासून रोज सकाळी दवाखाना 'वापरू नका' वापरून सुरू होतो. साहेबांना बढती मिळाली. ताई गेल्या आठवड्यात निवृत्त झाल्या. निरोपाच्या वेळी त्या माझ्याबद्दल सांगायला उभ्या राहिल्या, तेवढ्यात चहा आला आणि सगळे उठले.

आज नव्या बाईसाहेबांनी फेररचना काढली आहे. माझ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "वापरायचा नाही, तर ठेवलाय कशाला?" खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

वाचकहो, माझ्यासाठी काही करू नका. फक्त उद्या दवाखान्यात यायचं असेल, तर आजच येऊन जा.