बटणाची वायर

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. टेबलाखाली सरकवून, वर जुनी चादर टाकून ठेवलेला. मला बंद पडलेला मात्र म्हणू नका. त्या शब्दाने अजून जीव जळतो.

माझे भाग वेगवेगळ्या खोक्यांतून दुकानात आले. तिथल्या कारागिराने ते जोडून मला उभे केले आणि मी या घरी आलो. घरातली आई सुतारांसाठी फर्निचरची ड्रॉइंग करते. कपाटाचा खण किती खोल, बिजागरी कुठे बसणार, सगळे माझ्याच पडद्यावर ठरायचे. मुलगी लहान असताना आईच्या मांडीवर बसून तिने माझ्यावर पहिले अक्षर उमटवले. आई पाहुण्यांना सांगायची, "हा आहे म्हणून माझं काम चाललंय." मी अगदी फुलून जायचो.

मुलगी मोठी झाली. मैत्रिणींकडे नवे, चपटे संगणक आले आणि मी तिच्या डोळ्यांत खुपू लागलो.

"आई, हा डबा कधी बदलणार गं?"

"चालतोय ना? मग झालं तर," आई म्हणायची.

एके सकाळी आई बाजारात गेली असताना मुलगी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी बसली. धूळ झाडायला आली असेल, या कल्पनेने मी सुखावलो. तिने माझ्या बाजूचा पत्रा काढला, पुढच्या बटणाची बारीक वायर चिमटीत धरून उपटली आणि पत्रा पुन्हा बसवून टाकला. मित्रांनो, बटण दाबले की उठण्याचा निरोप त्याच वायरीतून मला मिळतो. आता तो कुठून मिळणार?

आईने आल्या आल्या बटण दाबले. काहीच झाले नाही. संध्याकाळी एका सुताराला मोठ्या कपाटाचे ड्रॉइंग द्यायचे होते, आणि ते फक्त माझ्या पोटात होते. आईच्या तोंडचे पाणी पळाले. तिने आपल्या भावाला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"ताई, घाबरू नकोस. आधी त्याच प्लगला टेबललॅम्प लावून बघ."

"पेटला."

"मग केबल बदल, प्रिंटरची लाव. आणि मागचा छोटा स्विच चालू आहे ना?"

"सगळं केलं रे. हूं नाही की चूं नाही."

"मग उघडून बघावं लागेल. आतलं काहीतरी सुटलं असेल."

"मी बघितलं मामा," मुलगी मध्येच म्हणाली. "आत सगळं ठीक आहे. मेलाय तो."

मेलाय! माझ्या आतला हिरवा दिवा तेव्हाही जळत होता. पत्र्याआड तो दिसणार कुणाला? आणि जिच्यासाठी मी इतकी वर्षे राबलो, त्या आईलाही एकदा आत डोकावून पाहावेसे वाटले नाही. ते मला जास्त लागले.

आई कागद आणि पट्टी घेऊन बसली. मापे आठवेनात. ती काढत होती, खोडत होती, पदराने डोळे पुसत होती. दारात उभ्या मुलीला ते बघवेना. ती मुकाट्याने खाली बसली, पत्रा काढला, वायर जागेवर खोचली आणि बटण दाबले. रुसून बसावे असे मला फार वाटले. पण माझा पंखा फिरलाच.

"अगं बाई! काय केलंस?"

"काही नाही. जरा हलवून बघितलं."

"गुणाची गं माझी पोर!" आईने तिला जवळ घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "याचा आता भरवसा नाही. ऐन वेळी दगा दिला मेल्याने."

दगा म्हणे मी दिला!

थोड्याच दिवसांत नवा संगणक आला आणि मी टेबलाखाली गेलो. त्याच्यापुढे बसून मुलगी पाय लांबवते. कधी तिचा पाय मला लागतो, तेव्हा ती तो चटकन मागे घेते. आईला तिने अजून काही सांगितलेले नाही.

मित्रांनो, यंत्र चालेनासे झाले तर प्लग बघा, केबल बघा आणि आतही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुणाच्या सांगण्यावरून त्याला मेलेले ठरवू नका. आम्हाला आमची बाजू सांगता येत नाही. माझे खरे वाटत नसेल, तर चादर काढा, प्लग लावा आणि बटण दाबा. मी पहिल्या दाबाला उठेन.