सोलांजबाईंच्या दारातलं पिंप

“आर्मेल येतेय रविवारी. आणि ती काही नुसती आईला भेटायला येत नाहीये, खानावळ...”

एवढंच ऐकू आलं. मासेवाली रेमोंद पुढचंही बोलली, पण नेमकी ट्राम आली आणि सगळं तिच्या घंटेत बुडालं.

मी सोलांजबाईंच्या दारातलं लाकडी पिंप बोलतोय. पोटावर बुचाचं भोक आहे, तोच माझा कान. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसू नये हे मला कळतं. पण बोर्दोच्या या नदीकाठच्या गल्लीत, दारातच जन्म काढायचा म्हटल्यावर कान कुठे ठेवू?

मूळचा मी ओकच्या रानातला. माझ्या फळ्या वर्षानुवर्षं उन्हापावसात पडून होत्या. मग कारागिराने त्या लोखंडी कड्यांत उभ्या केल्या, पोटात जाळ पेटवला आणि ऊब देऊन देऊन मला वाकवलं. दुखलं हो. पण तो खमंग वास अजून अंगात आहे.

पुढे मी नदीकाठच्या एका वाइनच्या वखारीच्या तळघरात आलो आणि तिथे कामाला असलेल्या फेर्नांच्या हाती पडलो. बाळंतिणीला जपावं तसं त्याने मला जपलं. पोटातली वाइन जरा आटली की वरून भरायचा, बोटाने टकटक करून ऐकायचा. वाइन निवळावी म्हणून अंड्यांचा पांढरा भाग फेटून घालायचा आणि उरलेले पिवळे बलक बायकोला द्यायचा. ती बायको म्हणजे सोलांजबाई.

“तुझ्या त्या लाडक्या पिंपापायी मी आयुष्यभर पिवळंच खायचं का रे?” असं म्हणत बाई त्याच बलकांचे छोटे, करपट केक घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरायच्या. भांडायच्याही आणि भरवायच्याही.

हळूहळू गलबतं खाली समुद्राकडे थांबू लागली, वखारींना कुलपं लागली. माझ्या लाकडातली चवही संपली होती. फेर्नांने मला घरंगळवत घरी आणलं आणि बाईंच्या खानावळीच्या दारात उभं केलं. त्या दिवसापासून मी टेबल झालो. हमाल, खलाशी, न्हावी, सगळ्यांची कोपरं माझ्या डोक्यावर टेकली. फेर्नां गेला त्या दिवशी बाई किती तरी वेळ माझ्यावर हात ठेवून उभ्या होत्या.

तर ती अर्धी बातमी. ट्रामने खाल्लेला भाग गल्लीने आपापल्या मनाने भरला. लेक आर्मेल खानावळ विकणार आणि आईला आपल्याकडे स्ट्रासबुर्गला घेऊन जाणार! लगेच सगळे बाईंशी गोड बोलायला लागले. रेमोंदने मोठ्या पातेल्यावर डोळा ठेवला. न्हावी तर दोरी घेऊन माझी कंबर मोजून गेला.

“मधोमध कापलं तर फुलांच्या दोन कुंड्या होतील,” तो म्हणाला.

माझ्या कड्या ढिल्या झाल्या.

रविवारी आर्मेल आली. बाईंनी सूपचे वाडगे माझ्यावरच मांडले. मायलेकी समोरासमोर उभ्या. रेमोंद पलीकडे एकच मासा पुन्हापुन्हा धूत होती.

“मला उचलून नेणार म्हणे तू!” बाई म्हणाल्या.

“कोण म्हणालं?”

“अख्खी गल्ली. मला सोडून सगळ्यांना माहीत.”

आर्मेल खाली मान घालून म्हणाली, “खानावळीला गिऱ्हाईक आलंय, आई. चांगले लोक आहेत. तू एकटी...”

“एकटी? ती बघ, कान देऊन माझा संसार ऐकतेय. याला एकटी म्हणतात?”

रेमोंदच्या हातून मासा सुटला.

बाईंना बोलणं संपवायचं होतं. आमच्याकडे सूप तळाला आलं की त्यात लाल वाइन ओततात, दोन्ही हातांनी वाडगा उचलून तोंडाला लावतात आणि एका दमात पितात. शाब्रो म्हणतात त्याला. ते झालं की जेवण संपलं, विषय संपला. बाईंनी वाइन ओतली, वाडगा उचलला.

वाडगा तोंडापर्यंत पोहोचलाच नाही. हात असे थरथरले की सगळं माझ्या डोक्यावर सांडलं.

कितीतरी दिवसांपासून पळी अर्धीच का भरली जाते, ताटं माझ्यावर आपटून का ठेवली जातात, हे मला ठाऊक होतं. लेकीला आत्ता कळलं.

“कधीपासून, आई?”

“पुसून घे आधी. लाकूड पितंय.”

आर्मेलने पुसलं नाही. तिने वाडग्यात पुन्हा थोडं सूप घातलं, वाइन घातली आणि समोरून आपले हात आईच्या हातांवर ठेवले. चार हातांनी वाडगा वर गेला. बाई प्यायल्या. मग डोळे न पुसता म्हणाल्या, “खानावळ दे त्यांना. पण वरची खोली आणि हे पिंप माझं. मी इथून हलायची नाही.”

म्हणजे गल्लीचं निम्मं खरं निघालं. आता आत परकी माणसं रांधतात. आर्मेल सुट्टी मिळाली की येते. न्हावी कुंड्या विकतच घेतो. बाई दुपारी खुर्ची टाकून माझ्याशेजारी बसतात, रेमोंद सूप आणते आणि बाई रोज त्यात खोट काढतात.

मी आता जुना झालो, एक फळी तडकली आहे. माझं काही मागणं नाही. पण तुम्ही कधी बोर्दो बघायला आलात आणि आमच्या गल्लीत थांबलात, तर माझा फोटो मागाहून काढा. आधी बाईंकडे बघा. त्यांनी वाडगा उचलला, तर पलीकडून हात लावा. आणि मेहेरबानी करून त्याबद्दल काही बोलू नका.