अठ्ठेचाळीस पावलांची वाघर

धुळाप्पाचं डोकं म्हणजे काळा फत्तर. दिपालीबाई चारदा त्याच्या दारात गेल्या अन् चारदा नुसता चहा पिऊन परत आल्या. त्याची ऋतुजा सातवीत, गणितात वर्गात पहिली. पण बाप म्हणे, दिवाळी झाली की पोरगी मेंढरामागं कर्नाटकात. गणित शिकून मेंढी काय दोन कोकरं जास्त देणार हाय का?

बाई चिडल्या. चिडणारच की! त्यांना गणिताची गोडी लावली सिद्धराम गुरुजींनी. त्या माणसानं फळ्यावर कमी आणि रानात जास्त शिकवलं. विहिरीचा घेर, कडब्याच्या गंजीची उंची, सगळं पोरांकडनं मोजून घेतलं. त्यांच्यापायीच दिपाली मास्तरीण झाली. आता म्हाताऱ्या गुरुजींना फोन लावला, तर ते म्हणाले, "दारात कशाला जातीस? रानात जा."

मग पाचव्या खेपेला बाई सगळा वर्ग घेऊन रानात गेल्या. दिवस कलला होता. धुळाप्पा मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावत होता. बापजाद्यांच्या रीतीनं बांधाच्या कडंनं लांबट. वीस पावलं लांब, चार पावलं रुंद. आत मेंढरं एकमेकांच्या उरावर. आदल्या दिवशीच दोन कोकरं पायाखाली चेंगरून मेली होती.

ऋतुजानं पावलं टाकली, मातीत काडीनं आकडे मांडले.

"आप्पा, वाघर हीच ऱ्हाऊ द्या. चारी बाजू बारा-बारा पावलं करा. आत्ता ऐंशी चौरस पावलं जागा हाय, मग एकशे चव्वेचाळीस व्हईल."

धुळाप्पा हसला. पण पोरांनी मेखा उपटून पुन्हा ठोकल्याच. मेंढरं ऐसपैस बसली, रवंथ करायला लागली. धुळाप्पा बघतच राहिला.

"बाई, तुमी खरं सांगत व्हता," तो म्हणाला. "शिक्षण लई कामाचं हाय."

बाईंच्या जिवात जीव आला.

"अशी पोर संगं असल्यावर मला कसला घोर? दिवाळीची वाट कशाला बघू? परवाच निघतो."

करायला गेल्या गणपती अन् झाला मारुती. बाई भांडल्या, हाता-पाया पडल्या. धुळाप्पाचं आपलं एकच, एवढं आलं की पोरीला, आता आणखी काय शिकवताय? रागानं बाईंना तिथंच रडू फुटलं.

तिसऱ्या दिवशी कळप शाळेवरनं निघाला. ऋतुजा फाटकाशी थांबली.

"बाई, वाघर गोल लावली तर आनखी जागा व्हईल का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना एकाही पोरानं विचारला नव्हता.

"व्हईल."

"किती?"

"ते आठवीत हाय गं," बाई म्हणाल्या.

पुढनं धुळाप्पानं हाळी दिली, अन् पोर गेली.