रुळाच्या कडेकडेने

माथेरानची गाडी धडपणे धावत होती तेव्हा निम्मी माणसं नेरळहून टॅक्सीनेच वर जायची. मग एका पावसाळ्यात रूळ वाहून गेले, गाडी काही वर्षं बंद पडली आणि जो तो तिच्या आठवणीने हळवा झाला. असतं तेव्हा किंमत नसते, ही आपली जुनी खोड.

पळसदरीच्या हरेशने आपल्या पडवीत त्या गाडीचं मॉडेल मांडलं ते त्याच दिवसांत. साजगावच्या कारखान्यात फिटर, त्यामुळे हाताला वळण होतं. लाकडाचे डोंगर, पत्र्याचे डबे आणि पुढे वाफेचं इंजिन. त्याने स्वतः लहानपणापासून डिझेलच पाहिलेलं. पण बघायला येणाऱ्यांना वाफेचंच हवं असायचं. ज्यांच्या डोळ्यांत कधी कोळशाचा कण गेला नाही, त्यांना तर फारच.

सुट्टीला पळसदरीच्या धरणावर आलेली मंडळी वाट वाकडी करून यायची. "आमचं बालपण!" म्हणत डोळे पुसायची. कुणी तसंच मॉडेल करून मागायचं. हरेशच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

बघायला येत नव्हती ती एकटी त्याची आई, मैनाबाई. तिचं माहेर माथेरानच्या पायथ्याचं. तिच्यासाठीच तर त्याने हा खटाटोप केला होता, आणि तीच पडवीतून मान फिरवून जायची. त्याला ते फार लागायचं.

एका दुपारी त्याने तिला हाताला धरून आणलं, गाडी सुरू केली. "बघ आये, तुझ्या माहेरची गाडी."

तिने दोन फेऱ्या होऊ दिल्या. "चांगली हाय रं. पन आमी कुठं हाव हिच्यात?"

"आमी म्हंजी कोन?"

"मी नि माजी आय. डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन रुळाच्या कडंकडंनं वर चालत जायचो. गाडी बाजूनं जायची. आतली पोरं हात हलवायची. मी नाय हलवायची. पाटी पडली असती."

"म्हंजी तू गाडीत कदी बसलीच नायस?"

"पाटीवालीला कोन बसवील रं?"

हरेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येणाऱ्याजाणाऱ्यांची बालपणं त्याला तोंडपाठ होती, आणि घरातल्या आईला त्याने कधी विचारलंच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

त्याने सागाच्या ढलपीतून एक पोरगी कोरली. अनवाणी, डोक्यावर पाटी. वळणावर, रुळाच्या कडेला तिला उभी केली आणि आईला हाक मारली.

मैनाबाईने ती पोरगी उचलली, पदराने पुसली. मग एका डब्याचं छप्पर काढून तिला आत ठेवायला गेली. छप्पर काही बसेना, पाटीला अडत होतं. म्हातारीने दोन बोटांत धरून ती पाटी कट्‌कन मोडली, पोरीला खिडकीशी ठेवलं आणि छप्पर लावलं.

"हळू चालव रं," ती म्हणाली. "पयल्यांदाच बसलीय ती."