तासलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुना मरिंबा आहे, आणि आधीच सांगून टाकतो, फार भित्रा आहे. लाकडी पट्ट्यांची लांबलचक रांग, प्रत्येकीखाली एक पोकळ नळी आणि लोकर गुंडाळलेल्या काठ्यांचा हलका मार, एवढाच माझा संसार. मला घडवताना कारागिरानं एकेक पट्टी खालून थोडी थोडी तासून तिचा सूर जुळवला. तेव्हापासून कानस दिसली तरी मी धास्तावतो.

संगीतशाळेतल्या ताई लहानपणी माझ्यावरच शिकल्या. लहान मुलांची गाणी, नाटकातला पाऊस, वाद्यवृंदातले खोल घुमणारे सूर, सगळं मी वाजवलं. टाळ्याही खूप मिळवल्या. मग नवा मरिंबा आला आणि मला मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांशेजारी नेऊन ठेवलं. वाईट वाटलं, पण भीती नव्हती.

भीती आली ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. सरावात ताईंनी कडक काठ्या वापरल्या आणि नव्याची सगळ्यात जाड पट्टी तडकली. दुसरी इतक्यात मिळणार नव्हती. दुरुस्तीवाले काका माझ्यापाशी आले, पट्ट्या ओवलेली दोरी सोडली आणि माझी जाड पट्टी उचलली. नव्याचा सूर माझ्यापेक्षा जरासा चढा. टोकांना तासून सूर चढवल्याशिवाय ती तिथे जुळणार नव्हती.

"ताई, एकदा तासली की परत नाही हं," काका म्हणाले.

ताई तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, नको म्हणतील.

"तासा," त्या म्हणाल्या.

कार्यक्रम छान झाला म्हणे. भिंतीपलीकडे माझाच आवाज दुसऱ्याच्या अंगातून येत होता आणि मी इथे मोडक्या खुर्च्यांशेजारी उभा होतो.

पुढे नव्याची पट्टी आली आणि माझी मला परत मिळाली. ताईंनी हौसेनं वाजवली आणि त्यांचा चेहराच उतरला. ती आता माझ्या एकाही पट्टीशी जुळत नाही. सूर उतरवायला तिला मधोमध आणखी तासलं तर तडकेल, असं काकांचं म्हणणं पडलं.

"मग काय करायचं?" ताईंनी विचारलं.

"बाकीच्या सगळ्या तासू. तिच्याशी जुळतील."

विचार करून सांगते, असं म्हणून ताई गेल्या. तेव्हापासून दार वाजलं की माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही. तुमच्या शाळेत एखादं जुनं वाद्य असेल, तर हत्यार उचलण्याआधी त्याला एकदा नीट ऐका. आणि ताई भेटल्या तर त्यांनाही एवढं सांगा. मी स्वतः कसं सांगणार? कुणी वाजवलं तरच माझा आवाज निघतो, आणि सध्या मला कुणी वाजवत नाही.